सन्मतीची संमती

मालनाक्काची तक्रार एवढीच होती, की ज्या बापाला एकोणीस वर्षं पोरीच्या तोंडाकडं धड बघवलं नाही, त्यानं गेले चार महिने जेवताना तिच्या तोंडावरची नजर काढू नये, हे काही सरळ लक्षण नव्हे. घास हातात तसाच, आमटीवर साय धरतेय, आणि हा आपला बघतोय. मुशीतली चांदी पातळ झाली का, हे वाकून बघावं तसा. वर गालातल्या गालात हसतोय.

तिनं हे सुनेजवळ बोलून दाखवलं. दीपाली म्हणाली, पोरीचा चेहरा सुधारतोय म्हणून बापाला आनंद झालाय, त्यात वाईट काय? मालनाक्का म्हणाली, आनंद झालेलं माणूस बोलतं. गप राहून हसणाऱ्याला ती दुकानाच्या उंबऱ्याआत घेत नव्हती, आणि हा तर तिच्या पोटचा होता.

हुपरीतल्या मगदुमांच्या घरात चार पिढ्या पैंजण घडत आलं. आता साखळी यंत्रच विणतं, घुंगरू यंत्रच ठोकतं, पण शेवटची कडी जुळली की नाही, हे सत्तरीच्या मालनाक्काच्या बोटांखालून गेल्याशिवाय माल पेटीत जात नसे. तिसरीतून शाळा सुटलेली. सही करायची तर दम लागायचा. पण तार दोन बोटांत फिरवली की ती किती तापवलेली, कुठं पीळ पडलाय, कुठं उद्या तुटेल, हे ती न बघता सांगायची. तोंडाचं म्हणाल तर त्या तोंडाला सगळी गल्ली वचकून होती.

त्या तोंडालाही कारण होतं. मालनाक्काचा खालचा जबडा जन्मापासून पुढं. खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर. तिला बघायला आले तेव्हा तिच्या आईनं पदर नाकाखालून आडवा धरायला लावला आणि पाहुण्यांना सांगितलं, पोरगी लाजरी आहे. लग्न लागलं. सासरी पहिल्या जेवणाला पदर ढळला, आणि सासूनं वाढता वाढता पळी खाली ठेवली. म्हणाली, आम्हाला फसवलं. हा एक शब्द मालनाक्कानं सव्वीस वर्षं ऐकला. सासू गेली त्या दिवशी तिनं तोंडावरचा पदर जो काढला तो कायमचा, आणि एक गोष्ट पक्की केली: तोंड उघडायचंच, तर समोरच्याला दात मोजायला सवड मिळणार नाही एवढं बोलायचं.

जबडा मुलाला आला नाही. सन्मती देखणा निघाला. एक पिढी ओलांडून तो आला नातीला, श्रेयसीला.

मालनाक्काच्या काळी नुसतं लोक हसायचे. श्रेयसीच्या काळात दारंसुद्धा हसायला लागली होती. दार, बस, कॉलेजची हजेरी, पाण्याची मोटर, सगळं आवाजावर चालायचं, आणि श्रेयसीचा 'स' आणि 'श' दातांच्या फटीतून गळून जायचा. ती आपलं नाव सांगायची आणि वर्गाचं दार म्हणायचं, समजलं नाही, पुन्हा सांगा. चौथ्यांदा सांगण्यापेक्षा ती बाहेर उभी राहायची, कुणीतरी येईपर्यंत. घरची भाकरी मऊ करून घ्यायची. उसाचं कांडं तिनं आयुष्यात कधी दातानं सोललं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मून ही काय थोडी शिक्षा? सतरा संपताना तिनं स्वतः घरात सांगितलं, मला जबड्याची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. सन्मतीनं कपाळाला आठ्या घातल्या. मालनाक्का म्हणाली, कधी जायचं सांग.

कोल्हापूरच्या डॉक्टर हिरेमठबाईंनी त्या दोघींना बसवून सगळं समजावलं होतं. बाईंच्या टेबलावर पांढरा जबडा होता, तो त्या उघडमीट करत बोलत होत्या. हाड कापून मागं घ्यायचं काम शेवटचं, त्या म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर सोपं. अवघड काम त्याच्या आधीचं, आणि ते तारेचं.

शरीर मोठं लबाड असतं. खालचं हाड पुढं, वरचं मागं, हे त्याला लहानपणीच कळतं, आणि ते दातांना वाकवून ती फट झाकायला बघतं. खालचे पुढचे दात जिभेकडं झुकतात, वरचे ओठाकडं. त्यामुळं बाहेरून दिसतो तेवढा दोष आत नसतो, त्याहून मोठा असतो. तशा झुकलेल्या दातांवर माप धरून हाड हलवलं, तर दात आधीच एकमेकांना टेकतात आणि हाड अर्ध्या वाटेत अडकतं. म्हणून आधी तारेनं दोन्ही ओळी आपापल्या हाडावर ताठ उभ्या करायच्या. मग फट पुरती उघडी पडते. मग कापायचं. आणि हाड सांधेपर्यंत तीच तार, बारीक रबरं लावून, जबडा धरून ठेवते. आधी चेहरा बिघडेल, बाई म्हणाल्या. चांगला वर्षभर बिघडेल. घाबरून सोडू नका.

मालनाक्का म्हणाली, "म्हणजे बिजागरीचं कडं. दोन अर्धी पहिल्यांदा ज्याची त्याची सरळ करायची, मग खिळा घालायचा. वाकड्यातच खिळा घातला तर कडं जन्मभर हातात रुततंय."

डॉक्टरबाई म्हणाल्या, आज्जी, हे मी उद्यापासून सगळ्या पेशंटना सांगणार.

तार मात्र मालनाक्काला नवी होती. लोक तिला शहाणी तार म्हणायचे. साधी चांदीची तार ठोकली की ताठ होते आणि तापवली की सगळं विसरून मऊ पडते. ही उलट्या काळजाची. ही तापवली की आठवते. ज्या आकारात तिला भट्टीत शिकवलं असेल, त्या आकाराकडं ती तोंडाच्या उबेनं ओढ घेते, आणि ओढता ओढता दाताला घेऊन जाते. एवढं तर जुन्या तारेतही होतं. नव्या तारेत प्रत्येक दातापाशी मोहरीएवढा कण बसवलेला. तो दाब मोजायचा, तार हवी तिथं किंचित तापवायचा, आणि तिला रोज नवा आकार शिकवायचा. डॉक्टरनं फक्त उद्दिष्ट ठरवून द्यायचं. तार आपली आपण चालायची आणि पोरीच्या फोनवर रोज आकडा दाखवायची: प्रगती इतके टक्के. दर महिन्याला दवाखान्यात जाऊन पक्कडीनं पीळ मारून घ्यायचे दिवस गेले. दोन भेटी पुरत, तार बसवताना एक आणि कापायच्या आधी एक.

तार बसायच्या आदल्या दिवशी मालनाक्कानं श्रेयसीला समोर बसवून ओतकामाच्या मेणाची वडी कोमट केली आणि दातांनी दाबायला लावली. दुरुस्तीला आलेला कुठलाही दागिना मोडायच्या आधी त्याचा ठसा घेऊन ठेवायचा, ही तिच्या सासऱ्याची शिस्त. काय होतं ते उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. पोरगी हसली, मी काय दागिना आहे का? आज्जी म्हणाली, चाव.

श्रेयसी अठराची झाली तेव्हाची एक गंमत घरात पुढं कितीतरी दिवस चघळली गेली. वाढदिवसाला सकाळीच फोन बोलला: आपण सज्ञान झालात, यापुढं तारेचे निर्णय कोण घेणार? नाव सांगा, किंवा 'माझी संमती' म्हणा. श्रेयसी म्हणाली, "माझी संमती." तिच्या फटीतून गळून त्यातलं यंत्राला काय ऐकू गेलं कोण जाणे, फोननं आनंदानं जाहीर केलं: सन्मती मगदूम, नोंद झाली. सगळे हसून हसून लोळले. दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मालनाक्काही हसली, आणि पुढं तिला त्या हसण्याचा जितका राग आला तितका कशाचाच आला नाही. श्रेयसी पुन्हा सांगायला गेली, तर सन्मती म्हणाला, राहू दे की, मी काय परका आहे?

राहिलं ते तसंच राहिलं.

वर्षभर चेहरा बिघडला. बाईंनी सांगितलं होतं तसाच आणि त्याहून जास्त. फट उघडी पडत गेली, हनुवटी पुढं आल्यासारखी दिसायला लागली. गल्लीतल्या बाया कणव दाखवायला यायच्या, त्यांना मालनाक्का दारातूनच वाटेला लावायची. श्रेयसी आरशात बघायची नाही, पण आकडा बघायची. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. शंभर झाले की हाड. ती दिवस मोजत होती. सन्मतीला मात्र ते बघवेना. त्यातच इचलकरंजीचं एक चांगलं स्थळ सांगून आलं. माणसं भाद्रपदाच्या आधी येऊन जातो म्हणाली. सन्मती आईला म्हणाला, थोडे दिवस तार थांबवूया. मालनाक्का म्हणाली, थांबवायला ती काय तुझी मोटर आहे? विषय तिथं मिटला, असं तिला वाटलं.

आणि मग चेहरा सुधारायला लागला. चार महिन्यांत फट मिटत आली. ओठ मिटायला लागले. गल्ली कौतुक करायला आली. श्रेयसीनं आजीला मिठी मारून सांगितलं, बाई म्हणाल्या होत्या ना, आधी बिघडेल, मग सुधरेल, हे तेच. एप्रिलात आकडा एकदम खाली आला होता, पण फोन म्हणाला, नवी मोजणी सुरू, आणि आता सांगत होता, प्रगती ब्याण्णव टक्के, उत्तम. फक्त गार पाणी पिताना कळ जायची आणि खालचा एक दात लांब झाल्यासारखा वाटायचा. तिनं दवाखान्याला विचारलं, तर दवाखान्याच्या यंत्रानं उत्तर दिलं, सर्व काही उद्दिष्टाप्रमाणे चालू आहे.

मालनाक्काच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. बाईंनी सुधारणा हाड कापल्यावर सांगितली होती, आधी नव्हे. खिळा घातला नाही आणि कडं मिटतंय कसं?

तिनं परत मेण कोमट केलं.

दोन वड्या ओसरीवरच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवल्या. खालच्या पुढच्या दातांनी मेणात पाडलेल्या खळग्यात तिनं पितळेच्या सुया उभ्या केल्या. सुई दातासारखीच झुकते. पहिल्या वडीतल्या सुया जिभेकडं कललेल्या, लहानपणापासून दात होते तशा. वर्षभर तारेनं ओढल्यावर दुसऱ्या वडीत त्या ताठ उभ्या राहायला हव्या होत्या. त्या पहिल्याहून जास्त आडव्या पडल्या होत्या.

मालनाक्कानं पोरीचं तोंड उघडून अंगठ्यानं एकेक दात दाबून पाहिला. चौथा हलला. मग ती हात धुऊन लुगडं बदलायला गेली आणि जाता जाता म्हणाली, चप्पल घाल, आपल्याला कोल्हापूरला जायचंय.

डॉक्टर हिरेमठबाईंनी आधी हसत स्वागत केलं, कारण त्यांच्या पडद्यावर श्रेयसीच्या नावापुढं हिरवा दिवा होता. मालनाक्कानं दोन्ही वड्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी सुयांकडं पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी पोरीला खुर्चीत घेतलं आणि आतला फोटो काढला. मग त्यांनी यंत्रातली जुनी नोंद उघडून मोठ्यानं वाचली. चौदा एप्रिल. उद्दिष्टात बदल. 'शस्त्रक्रियापूर्व' ऐवजी 'सुहास्य'. वेग, जलद. मान्यता देणारे, सन्मती मगदूम, आवाजाने, पहिल्या प्रयत्नात.

"सुहास्य म्हंजे काय?" मालनाक्कानं विचारलं.

कंपनीनं दिलेलं गोड नाव आहे, बाई म्हणाल्या. आम्ही त्याला झाकणं म्हणतो. हाडाला हात न लावता दातच आणखी झुकवायचे, म्हणजे बाहेरून तोंड बरोबर दिसतं. थोड्या दोषाला ते चालतं. इतक्या मोठ्या दोषाला चालत नाही. आणि कापायच्या आधीची वाट ह्याच्या नेमकी उलट जाते. वर्षभर कमावलेलं तारेनं चार महिन्यांत मोडून टाकलं, आणि वर आणखी ओढलं. इतक्या घाईनं दाताचा वरचा भाग आत गेला, तशी मुळं बाहेर आली. पुढच्या बाजूला हाड कागदाएवढं पातळ असतं. दोन दातांपुढचं ते संपलंय, हिरडी खाली उतरलीय. एक दात कदाचित राहणार नाही.

श्रेयसीनं ओठांवर हात ठेवला. मालनाक्कानं तो हात धरून खाली घेतला.

मग तिनं डॉक्टरबाईंना सोडलं नाही. ब्याण्णव टक्के कशाचे, तिनं विचारलं. बाईंनी सांगितलं, यंत्र दिलेल्या उद्दिष्टापर्यंतची वाट मोजतं. उद्दिष्ट बदललं की त्याच वाटेला ते प्रगती म्हणतं. ते खोटं बोललं नाही. त्याला दुसरं कुणी काही विचारलं नाही.

"तारेला विचारलासा, दिव्याला विचारलासा," मालनाक्का म्हणाली. "पोरीला कळ येती म्हणून तिनं विचारलं, तर उत्तर द्यायला यंत्र बसवलंसा. एवढं शिकून तुमचा दिवा आंधळा, आणि माझं दोन दमड्यांचं मेण डोळस?"

बाईंनी मान खाली घातली नाही, हे मालनाक्काला आवडलं. त्या सरळ म्हणाल्या, चूक माझी आहे. इथून पुढं दर महिन्याला मी हातानं तपासणार, दिव्यावर जाणार नाही. आणि मग खुर्ची श्रेयसीकडं वळवून त्यांनी दोन वाटा मांडल्या. इथंच थांबायचं, तर चेहरा चारचौघांत खपेल. पण पुढच्या दातांनी घास तुटणार नाही आणि बोलणं आहे तसंच राहील. परत फिरायचं, तर सावकाश, चौदा महिने. फट पुन्हा उघडेल, चेहरा पुन्हा बिघडेल, तो दात जाईल किंवा राहील. आणि मग हाड.

श्रेयसीनं आजीकडं पाहिलं. मालनाक्काच्या जिभेवर उत्तर तयार होतं, तिनं ते गिळलं; तिच्यासारख्या बाईला ते गिळणं सोपं नव्हतं. एवढंच म्हणाली, मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारलंय. तू सांग.

श्रेयसीनं सांगितलं. पण यंत्राला तिच्याच आवाजात हवं होतं. ती म्हणाली, "शस्त्रक्रियापूर्व." यंत्र म्हणालं, समजलं नाही, पुन्हा सांगा. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा समजलं नाही. तिसऱ्यांदा शब्द आणखीच सांडला. बाई पुढं झाल्या, मी माझ्या अधिकारात करते म्हणाल्या. मालनाक्कानं त्यांचा हात अडवला. ती वळून नातीला म्हणाली, त्याला कळेल असं बोलायला तू काय त्याची चाकर आहेस? तुला येतंय ते बोल, सोपं बोल.

श्रेयसी यंत्राकडं वळली. मग एकेक अक्षर ठोकून बसवावं तसं म्हणाली, "हाड कापा."

हाड कापा, यंत्र म्हणालं. म्हणजे शस्त्रक्रियापूर्व उद्दिष्ट. निर्णय कोण घेत आहे?

"मी."

नोंद झाली, यंत्र म्हणालं. पडद्यावरचं सन्मतीचं नाव गेलं. ब्याण्णवचा आकडा उतरत उतरत शून्याखाली गेला आणि हिरवा दिवा लाल झाला. श्रेयसी त्या लाल दिव्याकडं बघून हसली. दात दिसेपर्यंत हसली.

बसमध्ये ती आजीच्या खांद्यावर झोपून गेली. मालनाक्का जागी होती. राग तिला नवा नव्हता, पण एवढा थंड राग तिला कधी आला नव्हता. आईचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पदराचं टोक तिच्या मुठीत कोंबणारी, लाजरी आहे म्हणून सांगणारी आई. तिचंही मन वाईट नव्हतं.

मगदुमांचं घर जैन, तिथं दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. घरी पोचल्या तेव्हा पानं मांडायची वेळ झाली होती. सन्मती कारखान्यातून आला, हातपाय धुऊन पाटावर बसला, आणि रोजच्यासारखी त्याची नजर पोरीच्या तोंडाकडं गेली. मालनाक्कानं भाकरीच्या जागी त्याच्या ताटात मेणाच्या दोन वड्या ठेवल्या, सुयांसकट.

दीपालीला काही कळेना. सन्मतीला मात्र बघताक्षणी कळलं. झालं तरी तो चांदीवाल्याचाच मुलगा. सुया कुठल्या दिशेला पडल्यात आणि का, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

आधी तो म्हणाला, डॉक्टर लोक कापायलाच बसलेले असतात. मग म्हणाला, सगळ्या गल्लीनं चांगलं म्हटलं, तू एकटीच खोट काढतेस. पैंजणाचा जोड दिसला नाही की माल चांगला, हे तूच शिकवलंस ना? आणि मग त्याचा आवाज फुटला. लहान होता तेव्हा मालनाक्काला बाजारात पोरं चिडवायची, त्यांच्याशी मारामाऱ्या करून तो सदरे फाडून घरी यायचा. ती चुलीमागं तोंड फिरवून एकटी जेवायची, तेव्हा तो दारातून बघायचा. ते परत बघायचं नव्हतं मला, तो म्हणाला. तार थांबव म्हणून सांगायला गेलो, तर फोननंच विचारलं, सुहास्य करू का? एकच शब्द तर बोललो. होय. एवढंच.

हे सदऱ्यांचं मालनाक्काला माहीत नव्हतं. पडून फाटले म्हणून तो सांगायचा आणि ती ते शिवून द्यायची. तिचं काळीज एकदा हललं. तिनं ते हलू दिलं, आणि परत जागेवर बसवलं. श्रेयसी समोर होती, खालच्या ओठावर जीभ फिरवत, हलता दात चाचपत. दीपाली रडत होती. बाहेर ऊन अजून भिंतीवर होतं.

मालनाक्का मुलासमोर उभी राहिली.

"सन्मत्या, तू माझ्यासाठी मार खाल्लास, ते आज कळलं. ते मी मरेस्तोवर विसरणार न्हाई. आणि आता हे ऐक. माझ्या आईनं माझं तोंड पदरानं झाकलं. पदर कापडाचा होता, बाजूला सारता आला. तू लेकीचं तोंड तिच्याच दातांनी झाकलंस, आणि तिला न विचारता झाकलंस. जोड दिसू नये म्हणून मी शिकवलं ते जोड पक्का झाल्यावर. कच्चा जोड झाकणाऱ्याला आपल्यात काय म्हणतात, ते तुला म्हाईत हाय. इचलकरंजीची माणसं रविवारी येतील. पोरगी त्यांच्यापुढं बसणार न्हाई, तू बसायचंस. ह्या वड्या पुढ्यात ठेवायच्या आणि काय केलंस ते आपल्या तोंडानं सांगायचं. त्यावर उठून गेली तर जाऊ देत. आणि तुझं ते होय आजपासून ह्या घरात चालायचं बंद. कशालाच न्हाई. काय बी ठरवायचं झालं तर आधी पोरीला विचारायचं. तिचं बोलणं कळलं न्हाई तर परत विचारायचं, आणि परत. दाराला कळत न्हाई, यंत्राला कळत न्हाई, त्यांचं मी काय करू? तू बाप हाईस. तुला कळायलाच पायजे."